ताराबाई मोडक : अंगणापर्यंत आलेली शाळा

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही गावात गेले तरी ग्रामपंचायतीजवळ, समाजमंदिराशेजारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात अंगणवाडीची एक खोली दिसतेच. आपल्या निवासी शाळेत दाखल होणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी शाळेची पहिली पायरी तिथेच ओलांडलेली असते. ‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणा एका व्यक्तीच्या अनुभवातून आणि एका नेमक्या अडचणीतून घडला असेल, असे मनातही येत नाही. शासकीय योजनेचे नाव म्हणून आपण तो वापरतो. मात्र हा शब्द मंत्रालयात जन्मलेला नाही. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावात, ज्यांची मुले शाळेच्या उंबरठ्यापर्यंत येऊ शकत नव्हती अशा वस्तीच्या अंगणात तो जन्मला. त्यामागे ज्या विदुषीचे आयुष्य उभे आहे, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आपल्या समाजातील शिक्षकांनी अभ्यासावे, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. प्रार्थना समाज हा मुख्यतः उच्चवर्णीय सुधारकांचा समाज होता. जातिव्यवस्थेच्या मुळाला त्याने हात घातला नाही आणि महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्याचा परखड समाचार घेतला होता, हे इतिहासाचा अभ्यासक विसरू शकत नाही. तथापि मुलीने शिकावे, स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, याबाबत त्या घरांमध्ये इतरत्र न मिळणारी मोकळीक होती. तिचा लाभ ताराबाईंना झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय समाजात असा निर्णय घेणाऱ्या स्त्रीला काय सोसावे लागत असेल, याची कल्पना आजच्या वाचकाने करून पाहावी. माहेरच्या आश्रयाला न जाता त्यांनी नोकरी पत्करली. काठेवाडातील राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही स्त्री-शिक्षकांना घडवणारी संस्था होती. तिच्या प्राचार्यपदी त्यांची नियुक्ती झाली. पगार, बंगला, प्रतिष्ठा हे सारे होते. दोनच वर्षांत त्यांनी तेही सोडले. त्याचे कारण समजण्यासाठी त्या काळची शाळा कशी होती, ते पाहिले पाहिजे.

इंग्रजी अमलातील प्राथमिक शाळेत दोन गोष्टींचे राज्य होते : छडीचे आणि घोकंपट्टीचे. छडी पंतोजींच्या गावठी शाळेतून चालत आलेली होती. घोकंपट्टीला नव्या व्यवस्थेने बळ दिले. तपासणीस साहेब वर्षातून एकदा येणार, परीक्षा घेणार आणि निकालावर अनुदानाचा आकडा ठरणार, अशी पद्धत मुंबई इलाख्यात दीर्घकाळ चालली. मग शिक्षकाने मुलाला समजते की नाही याची फिकीर कशासाठी करावी? परीक्षेच्या दिवशी उत्तर तोंडातून बाहेर पडले म्हणजे झाले. मूल हे रिकामे मडके आहे आणि शाळेने ते भरायचे आहे, अशी ही समजूत होती. मडके भरताना फुटले तर दोष मडक्याचा.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला तर ही शाळादेखील पुरती आली नाही. कोणी वर्गाबाहेर बसले, कोणाच्या पाटीला शिक्षकाने दुरून हात लावला, कोणाला पाण्याच्या माठाजवळ जाता आले नाही. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत जे भोगले, ते एका मुलाचे नव्हते. ते लाखोंचे होते. म्हणून पारंपरिक शाळेचा दोष सांगताना आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. वर्गात बसलेल्या मुलाला ती शाळा समजून घेत नव्हती आणि वर्गाबाहेरच्या मुलाला ती मूलच मानत नव्हती. बालशिक्षणाच्या बहुतेक पुस्तकांत यातील पहिल्या दोषाचीच चर्चा असते. ताराबाईंच्या आयुष्याचा प्रवास पहिल्या दोषाकडून दुसऱ्याकडे झाला. म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगात अन्यत्र या शाळेला आव्हान मिळू लागले होते. अमेरिकेत जॉन ड्यूई सांगत होते की, शिक्षण म्हणजे भावी जीवनाची केवळ तयारी नव्हे, ते प्रत्यक्ष जगणेच असते, आणि लोकशाही टिकायची असेल तर ती वर्गात अनुभवाला यायला हवी. कोलंबिया विद्यापीठात याच ड्यूईंचे शिष्यत्व बाबासाहेबांनी पत्करले होते. ताराबाई मुंबईत पदवी घेत होत्या, त्या १९१४ साली बाबासाहेब तिथे शिकत होते. दुसरीकडे इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांवर आणि रस्त्यांवर हुंदडणाऱ्या मुलांसाठी ते होते. त्या मुलांच्या मापाच्या खुर्च्या, त्यांच्या हाताला पोचतील अशी कपाटे, बोटांनी चाचपून पाहण्याची साधने आणि आपले काम आपण निवडण्याची मोकळीक एवढ्यावर त्यांनी शिक्षणाची दिशा बदलली. माँटेसरी पद्धतीचा जन्म गरिबांच्या चाळीत झाला, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

भावनगर येथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून शिक्षक झाले होते. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते माँटेसरीच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. या प्रयोगाने ताराबाईंना इतके आकृष्ट केले की, १९२३ मध्ये राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. इतकी शिकलेली बाई लहान मुलांना सांभाळायला जाते, हे तेव्हाच्या लोकांना विचित्रच वाटले असणार. आजही बालवर्गाच्या शिक्षिकेला आपण सर्वांत कमी पगार देतो आणि सर्वांत कमी मानतो. त्यामुळे त्या काळच्या लोकांना हसण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

भावनगरच्या सुमारे नऊ वर्षांत ताराबाई घडल्या. बालमंदिरात छडी नव्हती, शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हते. शिक्षा नसावी हे लोकांना लवकर पटते, बक्षीस का नसावे हे मात्र पटत नाही. एकाला बक्षीस दिले की उरलेल्या एकोणतीस जणांना आपण कमी आहोत, हा धडा मिळतो, असा त्यामागचा विचार होता. मूल भांडी घासे, झाडांना पाणी घाली, बटणे लावायला शिके, रंगांच्या छटा जुळवी, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवी. शिक्षकाचे काम पाहण्याचे होते. मूल कुठे अडते, कशात रमते, कशाला घाबरते याची नोंद ठेवायची आणि गरज असेल तेव्हाच पुढे व्हायचे. हे काम व्याख्यान देण्याहून पुष्कळ कठीण आहे. माँटेसरींच्या पद्धतीत कल्पित गोष्टींना फारसे स्थान नव्हते. गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी तिला लोककथा, गाणी, नाटक, बडबडगीते यांची जोड दिली. इटलीचे रोप त्यांनी इथल्या मातीत लावले आणि मातीप्रमाणे ते बदलूही दिले.

१९२६ मध्ये या दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. या संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती ताराबाईंनी वर्षानुवर्षे सांभाळली. मुलाचा हट्ट, खोटे बोलणे, भीती, शिस्त, आईवडिलांचे आपसातले वागणे अशा विषयांवर साध्या भाषेत लिहिणारे मराठी लेखन त्यापूर्वी फार थोडे होते. शिस्तीविषयी त्यांचा विचार आजच्या वसतिगृहांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. बाहेरून लादलेली शिस्त पहारेकरी असेपर्यंतच टिकते. आवडीच्या कामात गढून गेलेले मूल आपोआप शांत असते. ही शांतता भीतीने बसलेल्या वर्गाच्या शांततेहून वेगळी आहे आणि दोन्हींतला फरक ओळखता येणे हीच शिक्षकाची खरी पात्रता, असे त्या मानीत.

भावनगर सोडल्यावर त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केले. बाबासाहेबांचे राजगृहही याच दादरात. त्याच १९३६ साली ‘जातिभेदाचे निर्मूलन’ हे त्यांचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. या दोन कार्यांचा एकमेकांशी काही संबंध आला, असे मी सुचवीत नाही. तरी एकाच वर्षी, एकाच शहरात, एका ठिकाणी मुलाच्या स्वातंत्र्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या स्वातंत्र्याचा विचार मांडला जात होता, आणि दोहोंच्या मध्ये एक मोठी दरी होती. शिशुविहारात येणारी मुले मुख्यतः शिकल्यासवरल्या, नोकरदार घरांतली होती. तेथे शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर निघाले, मराठी बालशिक्षणाची पहिली सुसज्ज फळी तेथे तयार झाली. हे यश लहान नव्हे. पण रोमच्या चाळीत जन्मलेली पद्धत हिंदुस्थानात येता येता सधन वस्तीची झाली होती. तिची साधने महाग, तिची खोली नीटनेटकी, तिची फी भरणारे पालक वेगळे. १९३९ मध्ये डॉ. माँटेसरी स्वतः मद्रासला आल्या, त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे पद्धतीचा लौकिक वाढला, फीही वाढली. त्याच वर्षी गिजुभाईंचे निधन झाले.

ताराबाई आता सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. शहरात मान होता, संस्था स्थिर झाली होती. येथेच थांबल्या असत्या, तर बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव एका चांगल्या शाळेच्या संस्थापिका म्हणून राहिले असते. परंतु खेड्यातल्या गरीब मुलाला ही पद्धत लागू पडत नसेल तर ती पद्धतच अपुरी आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्या पुन्हा उठल्या.

ते वर्ष १९४५. महाराष्ट्राच्या वंचित समाजाच्या इतिहासात हे वर्ष विलक्षण आहे. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. आपल्या मुलांसाठी ज्ञानाच्या सर्वांत वरच्या मजल्याचे दार त्यांनी उघडले. त्याच १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव-डहाणू भागात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले; गोदावरी परुळेकर त्यांच्या लढ्याच्या नेत्या होत्या. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई त्याच वर्षी एका शिबिरात ताराबाईंना भेटल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे त्यांनी या कामातून पाय मागे घेतला नाही.

बोर्डीत मध्यवर्ती बालवाडी सुरू झाली. पहिली अडचण साधनांची होती. परदेशी साधने विकत घेणे शक्य नव्हते. मग गावाच्या सुताराकडून, कुंभाराकडून, बुरुडाकडून साधने करून घेण्यात आली. शंख-शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने, बिया यांतून मोजणी आणि वर्गवारी शिकवली जाऊ लागली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे समजायला रोमहून आलेली ठोकळ्यांची पेटी लागत नाही. ती पेटी माणसाने केलेली आहे आणि समुद्रकिनारा मुलाच्या घराला लागून आहे, एवढे पाहण्याची दृष्टी लागते.

दुसरी अडचण साधनांची नव्हती. गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती. बालवाडीचे दार त्यांना बंद नव्हते. पण दार उघडे असणे आणि आत येता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? आई पहाटे कामाला गेलेली, घरी धाकटे भावंड सांभाळायला थोरली मुलगी, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातून चालत जाताना काय ऐकावे लागेल याची शतकांची भीती. प्रचलित शाळेने अशा वेळी हजेरीपटावर गैरहजर लिहिले असते आणि पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असा शेरा मारला असता. हा शेरा आजही आपल्या शिक्षक-कक्षांतून ऐकू येतो. ताराबाई आणि अनुताईंनी निराळे केले. मुले येत नाहीत तर बालवाडी तिकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका साधनांची पिशवी घेऊन वस्तीत जाई, एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण निवडी, मुलांना हाका मारी आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ, मोजणी सुरू होई. आया येता-जाता पाहत. धाकटे भावंड कडेवर असलेली मुलगीही बसू शके. ही अंगण-बालवाडी, पुढे अंगणवाडी.

शिक्षणशास्त्रात बालकेंद्री शिक्षणाच्या अनेक व्याख्या आहेत. मला मात्र ही कृती त्या सर्व व्याख्यांहून मोठी वाटते. तोपर्यंत मुलाने शाळेच्या वेळेप्रमाणे, जागेप्रमाणे, भाषेप्रमाणे बदलायचे असा नियम होता. येथे प्रथमच शाळेने आपली जागा बदलली, आणि ज्याच्यासाठी बदलली ते मूल गावाच्या वेशीबाहेरचे होते.

या कार्याकडे डोळसपणे पाहण्याचे आपले कर्तव्य आहे. हे काम गांधीवादी रचनात्मक कार्याच्या वातावरणात झाले. या वस्त्यांना तेव्हा ‘हरिजनवाडा’ म्हणत. बाबासाहेबांनी आणि आपल्या चळवळीने ते नाव नाकारले, आणि ते योग्यच होते. अंगणवाडीच्या दिवसाची सुरुवात मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे अशी होई. यात माया होती यात शंका नाही. तथापि स्वच्छतेचा धडा वरून खाली देताना एक गोष्ट नजरेआड होते : आंघोळीला आधी पाणी लागते. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाची अस्वच्छता हा सवयीचा प्रश्न नव्हता. तो पाणवठ्यावरच्या हक्काचा प्रश्न होता. बालवाडी जात मोडण्याचे साधन आहे, असे ताराबाईंनीही कधी म्हटल्याचे दिसत नाही. वस्तीच्या अंगणात वेगळी बालवाडी निघाली, त्यामुळे गावातील मूल आणि वस्तीतील मूल एका ओळीत बसण्याचा प्रश्न काही काळ बाजूला राहिला, असाही आक्षेप कोणी घेऊ शकेल. तो आक्षेप मला निराधार वाटत नाही. पण अंगणात गेलेल्या शिक्षिकेने त्या मुलांना हात लावला, मांडीवर घेतले, त्यांच्या आईशी त्यांच्याच उंबऱ्यावर बसून बोलली, हेही त्याच तराजूत घातले पाहिजे. ज्या देशात शिक्षकाची छडीसुद्धा आमच्या पोराला दुरून फेकून मारली जाई, तेथे हे साधे नव्हते.

१९५७ मध्ये हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाईंचे वय तेव्हा पासष्ट. येथील मुले वारली होती. बोर्डीचे उत्तर येथे पुरेना, कारण येथे मुले अंगणातही सापडत नसत. सहा-सात वर्षांचे मूल सकाळी जमीनदाराची किंवा घरची गुरे घेऊन कुरणात जाई आणि सूर्य मावळताना परते. शाळेची वेळ आणि त्याच्या पोटाची वेळ एकच होती. मग शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमत, शिक्षक फळा झाडाला टांगी, आणि ढोरे लांब गेली की एखादा विद्यार्थी उठून त्यांना वळवून आणी. ही कुरणशाळा. आपल्या भागात जो ढोरकी म्हणून ओळखला जातो, त्या पोराला ही शाळा समजावून सांगावी लागणार नाही. रोवणीच्या दिवसांत ज्यांची आई दिवसभर बांधीत चिखलात उभी असते आणि ज्यांच्या हाती धाकटे भावंड असते, मोहफुले वेचायच्या दिवसांत जी पहाटेच रानात असतात, विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी बसून जी पाने कातरतात, त्या भंडारा-गोंदियाच्या मुलांची गैरहजेरी आणि कोसबाडच्या मुलांची गैरहजेरी एकाच कारणाची आहे.

कोसबाडलाच ‘विकासवाडी’ची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकाच वेळी. त्यामागचे तर्कशास्त्र फार सरळ आहे. आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचे मूल आहे. मुलीला रागावून उपयोग नाही, बापाला दंड करूनही नाही. कडेवरच्या मुलाची सोय करा, मुलगी आपोआप शाळेत येईल. ते बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. सुट्टीत ती धाकट्याला पाहून येते आणि परत पाटीवर बसते. मुलींच्या गळतीवर आजवर कितीतरी अहवाल निघाले. इतके साधे उत्तर फार थोड्यांत सापडते.

आपल्या समाजातील पालकांना आणि काही सहकाऱ्यांनाही बालकेंद्री शिक्षणाविषयी एक शंका आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. श्रीमंताच्या मुलाने खेळत खेळत शिकले तरी चालते, त्याच्या मागे घर आहे. आमच्या मुलाला मात्र परीक्षेत गुण मिळवल्याशिवाय गत्यंतर नाही, मग त्याला मातीत खेळायला लावून तुम्ही त्याला मागे तर ठेवत नाही ना, अशी ती शंका. गरिबांना हस्तोद्योग आणि श्रीमंतांना ग्रंथ, अशी वाटणी या देशात अनेकदा शिक्षणाच्या नव्या नव्या नावांनी झाली आहे. म्हणून सावध राहणे योग्यच. परंतु कोसबाडचा प्रयोग या वाटणीत बसत नाही. तेथे गारगोट्यांनी खेळणारे मूल गणितच शिकत होते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे सरकारपुढे मांडले होते. त्या ८२ मुलांना शाळेने धरून का ठेवले नाही, याचे उत्तर शाळेच्या रचनेत शोधणाऱ्या मोजक्या लोकांत ताराबाई होत्या. सिद्धार्थ महाविद्यालयाच्या वर्गात पोचायचे तर आधी चौथी पार व्हावी लागते.

राज्यघटनेचा इतिहास येथे सांगितला पाहिजे, कारण तो फारसा सांगितला जात नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित करावे अशी सूचना आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास घटना बंदी घालते, तर त्या वयापर्यंत ते मूल शिक्षण देणाऱ्या संस्थेतच असले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यातून आलेल्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे ही वरची मर्यादा होती. खालची मर्यादाच नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्या शब्दांच्या कवेत येत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील मुले राज्याच्या प्रयत्नांच्या हवाली केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीच रेषा पाळली. ज्या वयासाठी ताराबाईंनी पन्नास वर्षे वेचली, तेच वय हक्काच्या रेषेबाहेर राहिले. त्याचा परिणाम गावोगावी दिसतो आहे. ज्यांना परवडते ते गाडीत बसवून मुलाला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत पाठवतात आणि तेथे तीन वर्षांचे पोर बाकावर हाताची घडी घालून अक्षरे गिरवते. छडी गेली, घोकंपट्टी टाय लावून परत आली. ज्यांना परवडत नाही त्यांची अंगणवाडी आहे. तिथली सेविका पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, सर्वेक्षण आणि निवडणुकीची कामे यांतून वेळ उरला तर गाणे म्हणते. दोष तिचा नाही. अंगण गेले आणि रजिस्टर आले.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. त्या कोसबाडच्या कामातच राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला नाव दिले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द हिंदीभाषक राज्यांत गेला, तमिळ आणि बंगाली मुलखांतल्या सरकारी फलकांवर गेला.

अनुताई कोसबाडलाच होत्या. त्यांनी कुरणशाळा, पाळणाघर, बालवाडी, शिक्षिकांचे प्रशिक्षण सारे पुढे चालवले, आदिवासी मुलांना कळेल अशा भाषेत पुस्तके केली आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्या दिवसांची हकिकत लिहून ठेवली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बोर्डीच्या पहिल्या अंगणातील मुले पन्नाशीकडे झुकली होती.